सेट होता होता

लांबलचक इंग्रजी शब्दांना मी कधी घाबरलो नाही. त्यांचं एक बरं असतं. एकदा स्पेलिंग घोकलं आणि अर्थ पाठ केला की ते जन्मभर त्या एकाच अर्थाशी इमानाने राहतात. शाळेत शिकलो तेव्हा हिप्पोपोटॅमस जो प्राणी होता, तोच तो आजही आहे. मला छळलं ते चिमुकल्या शब्दांनी. गेट, पुट, टेक, रन आणि या सगळ्या टोळीचा म्होरक्या म्हणजे सेट. इंग्रजीत अक्षरं तीन, मराठीत तर दोनच. पण घरातली, सासरची आणि सोसायटीतली मिळून माझी जी काही पत शिल्लक होती, ती या दोन अक्षरांनी यंदाच्या पावसाळ्यात धुऊन काढली.

तसा हा शब्द तरुणपणीही माझ्या वाट्याला आला होता. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर नेट तरी पास व्हावं लागतं नाहीतर सेट तरी. सेट म्हणजे राज्य पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोवा मिळून ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. मी तिला बसलो. मग पुन्हा बसलो. पुढे पुढे घरी कुणी माझी चौकशी केली की आई ‘परीक्षेला बसलाय’ असं न म्हणता नुसतं ‘बसलाय’ म्हणायची, आणि येणाऱ्याला तेवढ्याने सगळं कळायचं. शेवटी एका विमा कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि महाराष्ट्रातले नि गोव्यातले विद्यार्थी थोडक्यात बचावले.

हा इतिहास आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तोच मला नडला. समोरच्या कुलकर्ण्यांची स्वरा यंदा नववीत गेली. बीजगणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा संचांचा, म्हणजे सेट्सचा. ती वही घेऊन सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही सेटला बसला होतात ना? मग मला सेट्स शिकवा.”

नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. जमणं नाही, ती गोष्ट वेगळी. मी चष्मा चढवला आणि सांगायला लागलो, की संच म्हणजे समूह, उदाहरणार्थ तुमच्या वर्गातली हुशार मुलं. स्वरा म्हणाली, “नाही काका, तो संच होत नाही. संचात कोण आहे आणि कोण नाही हे नक्की सांगता यायला पाहिजे. हुशार कोण, हे ज्याचं त्याचं मत.”

“बरं, मग नापास झालेली मुलं?”

“तो होतो. त्यांचा निकाल लागलेला असतो ना.”

आणि तिने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

पोरगी तेवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण वही मिटता मिटता तिने विचारलं, “काका, याला सेटच का म्हणतात? अलार्मपण सेट करतात, डिनरचापण सेट असतो, टेनिसमध्येपण सेट. सगळ्याला एकच शब्द कसा?” मी आठवेल ते फेकून पाहिलं. जॉर्ज कँटर नावाच्या गणितज्ञाने १८७४ साली या संचांच्या शास्त्राचा पाया घातला, जर्मन लोक संचाला ‘मेंगे’ म्हणतात, वगैरे. “मेंगे नको काका, सेट सांगा,” ती म्हणाली. शब्दाची लांबी बघून मीही ऐटीत सांगितलं, की उद्या सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या गावातल्या जुन्या ग्रंथालयात तो प्रसिद्ध ऑक्सफर्ड कोश आहे, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीचे वीसच्या वीस खंड. ते खाली काढायला शिडी लागते आणि परत ठेवायला शिपाई. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, “एकच शब्द बघायचाय, बाई. उभ्या उभ्या बघतो.” आणि उभ्या उभ्या बघायला लागलो. पान उलटलं, सेट. आणखी एक उलटलं, तरी सेट. चार-दोन पानं एकदम उलटून पाहिली, तरी आपला सेटच. मग खुर्ची घेतली. बाई जेवणाचा डबा खाऊन, धुऊन, उपडा घालून आल्या, तेव्हाही मी त्याच शब्दात अडकलेलो होतो. त्या आवृत्तीत एकट्या सेटला ४३० अर्थ आहेत आणि ते समजावून सांगायला सुमारे ६०,००० शब्द लागले आहेत. एका शब्दाच्या अर्थाला साठ हजार शब्द! गिनीजबुकात त्याची नोंद झाली, ती उगीच नाही. पुढे २०११ च्या सुमाराला ‘रन’ने त्याला मागे टाकल्याचं जाहीर झालं. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका क्रियापदाच्या मागे नऊ महिने होते आणि त्यांनी ६४५ अर्थ शोधून काढले. स्वराने ‘रन’ विचारलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकारच समजतो.

हा कोश ज्यांनी उभा केला, त्यांची हकिगत वाचून मात्र मला फार बरं वाटलं. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये काम अंगावर घेतलं तेव्हा ठरलं होतं की दहा वर्षांत उरकायचं. पाच वर्षांनी, म्हणजे १८८४ मध्ये, पहिला भाग छापून बाहेर आला, आणि तो कुठवर आला होता? ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत. पाच वर्षांत मुंगी! कोश पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं; मरे बिचारे १९१५ मध्येच गेले. घरामागच्या बागेत पत्र्याची शेड ठोकून, भिंतींना कप्पे करून, जगभरातून येणाऱ्या चिठ्ठ्या त्यांत लावत ते बसायचे, आणि त्यांचा पत्रव्यवहार एवढा की टपालखात्याने त्यांच्या घरासमोरच पेटी उभी केली. आमच्या कचेरीत ज्या गतीने दावे निकालात निघायचे, ती गती या ऑक्सफर्डच्या विद्वानांनाही मान्य होती, हे मला नोकरीत असताना कळायला हवं होतं. साहेबाच्या तोंडावर मुंगी फेकली असती.

आणि ‘सेट’ ज्या भागात येतो, त्याचे संपादक होते हेन्री ब्रॅडली. हे गृहस्थ मूळचे कोण? कारकून! शेफील्डच्या एका सुऱ्या-काटे बनवणाऱ्या पेढीत पत्रव्यवहार सांभाळत त्यांनी वीसएक वर्षं काढली होती. भाषा सगळ्या घरबसल्या शिकलेल्या. कोशाचा तो मुंगीपर्यंतचा भाग निघाला तेव्हा त्यावर त्यांनी एक परीक्षण लिहिलं, ते मरेंच्या नजरेत भरलं, आणि कारकुनाचा कोशकार झाला. लहानपणी बापाच्या मांडीवर उघडलेलं बायबल समोर उभं राहून वाचायची सवय असल्यामुळे त्यांना उलटं पुस्तकही सहज वाचता यायचं म्हणे. मी भारावून गेलो. तेही कारकून, मीही कारकून. फरक एवढाच, की मला कधी कधी सुलटं पुस्तकही वाचता येत नाही.

पण त्या दिवशी मी जिद्दीने वाचलं, आणि जे हाती लागलं त्याने माझं डोकं फिरलं. हा सेट एक शब्द नाहीच. दोन वेगळ्या घराण्यांतले दोन शब्द एकाच नावाखाली नांदतायत. सेट करणं, हे जे क्रियापद आहे, ते जुन्या इंग्रजीतल्या ‘सेत्तान’पासून आलं. सिट म्हणजे बसणं आणि सेट म्हणजे बसवणं. आणि हे घराणं आपल्या संस्कृतातल्या ‘सद्’ धातूच्या भाऊबंदांपैकी. सदन, परिषद, संसद, उपनिषद, सगळीकडे तोच बसलेला. आता मराठीत आपण काय काय बसवतो बघा. गणपती बसवतो, नाटक बसवतो, दाराला कडी बसवतो, अंगठीत खडा बसवतो, निखळलेलं हाड बसवतो. साहेबही खडा सेट करतो, हाड सेट करतो. कोशाचे रकानेच्या रकाने मी मनातल्या मनात ‘बसवणे’ घालून धडाधड सोडवत सुटलो. सोडवता सोडवता स्वतःच्या चरित्राचाही एकदम उलगडा झाला. जन्मभर मी नुसता बसलो. बसवलं काहीच नाही.

दुसरा सेट म्हणजे वस्तूंचा सेट, कपबश्यांचा नि दागिन्यांचा. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि मूळ लॅटिन ‘सेक्टा’त, म्हणजे कुणाच्या तरी मागोमाग जाणाऱ्यांच्या जथ्यात. सीक्वेल, सीक्वेन्स हे त्याच घरचे. याचाही संस्कृतात एक नातेवाईक आहे, ‘सच्’, म्हणजे सोबत असणं, आणि त्याच्यापासून झाला सचिव. मी टेबलावर बुक्की मारली. बाईंनी वर पाहिलं. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पाटीवर काय लिहिलंय? सभासद आणि सचिव! सभासद म्हणजे सभेत बसणारा, तो पहिल्या सेटचा नातलग. सचिव दुसऱ्या सेटचा. अख्खी सोसायटी या एका शब्दाच्या पोटात!

हे ज्ञान पोटात ठेवायला हवं होतं. ते ठेवण्याइतकं मोठं पोट मला आहे, असं आमची ही म्हणते. पण मी ते जिन्यात दूधवाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये जोशीकाकांना सांगितलं (लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली तरी दार धरून सांगितलं), आणि घरी तर पोळी वाढण्याआधी, पोळी वाढताना आणि पोळी संपल्यावर. शेवटी ही म्हणाली, “रविवारी सांगलीचे मामा जेवायला येणार आहेत. तुम्हाला सेटातलं एवढं कळायला लागलंय ना? मग जेली सेट करून दाखवा.”

मामा म्हणजे हिचे सख्खे मामा, निवृत्त मुख्याध्यापक. कडक शाकाहारी, इतके की वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं नाही ना, हे बेकरीवाल्याला स्वतः फोन करून विचारतात. जेलीचं पाकीट माझ्या भाच्याने मस्कतहून आणलेलं होतं. पाण्याला उकळी आणा, पूड विरघळवा, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. कारकुनालाही जमेल अशी तीन वाक्यं होती. पण नुसती जेली पाहुण्यांपुढे ठेवणं मला दरिद्रीपणाचं वाटलं. बाजारातून चांगला पिवळाधमक अननस आणला, अर्धा तास बसून त्याचे डोळे काढले आणि ताज्या ताज्या फोडी त्या लाल पाण्यात सोडल्या. काचेच्या भांड्यात ते इतकं देखणं दिसत होतं की मी फोटोसुद्धा काढला. तो फोटो आमच्याकडे अजून आहे. जेलीचा म्हणून तेवढाच.

रात्री फ्रीज उघडून भांडं हलवलं, पाणी हललं. पहाटे उठून हलवलं, पुन्हा पाणीच. पंखा लावून बघितलं, भांडं बदलून बघितलं, शेवटी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर वर बर्फाचा पापुद्रा आणि खाली पुन्हा ते लाल पाणी, त्यात अननसाच्या फोडी मजेत पोहतायत. मामा रिक्षातून उतरल्याचा आवाज आला तेव्हा मी भांड्यात डाव घालून उभा होतो. हिने मात्र डोकं चालवलं. बायकांना संकटात सुचतं. तिने ते सगळं गाळून ग्लासात ओतलं, वर बर्फाचे खडे टाकले आणि मामांना आतून ओरडून सांगितलं, “मामा, अननसाचं सरबत आणते हं!”

ट्रे बाहेर गेला आणि त्याच वेळी स्वरा आत आली. स्वयंपाकघरातला पसारा बघून म्हणाली, “काका, जेलीत कच्चा अननस घातलात? मग कशी सेट होणार? अननसात ब्रोमेलेन असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन म्हणजे प्रथिनच ना. अननस आधी शिजवून घ्यायचा, नाहीतर डब्यातला घालायचा. शिजला की ब्रोमेलेन निकामी होतं. चायना ग्रास वापरलं असतंत तर प्रश्नच नव्हता, ते समुद्री शेवाळापासून करतात.”

“आणि जिलेटिन कशापासून करतात गं?” मी सहज विचारलं.

“जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून.”

स्वयंपाकघरातून दिवाणखान्यापर्यंत इतक्या वेगाने मी लग्नानंतर कधी गेलो नव्हतो. मामांनी ग्लास ओठांजवळ नेलेला. मी तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला. “मामा, नको! साखर फार पडलीय.” मामा म्हणाले, “मला डायबिटीस नाही.” मी म्हटलं, “पण होईल.” आता हातात ग्लास, समोर पाहुणा, मागे बायको, आणि खरं कारण तर सांगण्यासारखं नाही. मी तो ग्लास मामांच्या देखत घटाघट पिऊन टाकला. मग ट्रेमधले उरलेले ग्लास तसेच राहिले तर कुणीतरी घेईल, म्हणून तेही. मामा बघत राहिले. पाहुण्याच्या तोंडचं सरबत काढून पिणारा जावई त्यांनी सांगली जिल्ह्यात पाहिला नव्हता.

आता यावर उतारा म्हणून मामांना फर्मास चहा पाजायचा, आणि तोही शोकेसमधल्या खास कपांतून, असं मी ठरवलं. खास कप म्हणजे हिचा बोन चायनाचा टी-सेट, सहा कप, सहा बश्या. तो वर्षातून एकदा पुसण्यासाठी बाहेर निघतो. मी काढायला गेलो आणि एक कप शोकेसच्या काचेला असा हलकासा टेकला, की त्याचा कान अलगद माझ्या तळहातावर आला. ही आत आलं ठेचत होती. घरात ते दोन नळ्यांचं चिकटवण असतं, एकातलं थोडं, दुसऱ्यातलं थोडं घेऊन कालवायचं. कालवलं, कान जागेवर बसवला (बघा, पुन्हा बसवणं आलं!), दोन बोटांनी धरून ठेवला. नळीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की पूर्ण सेट व्हायला रात्रभर तरी राहू द्या. मी त्याला चहाला उकळी येईपर्यंत वेळ दिला. आणि कुठला कप कुणाला द्यायचा हे लक्षात ठेवण्यासाठी तो ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. हिने ट्रे फिरवून धरला.

मामांनी कप उचलला. म्हणजे त्यांनी कान उचलला. कप आपल्या जागी जरा रेंगाळला, मग बशीला टाळी देऊन थेट मामांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर गेला. खोलीत कुणी बोलेना. मामांनी चिमटीतला तो चिमुकला कान उजेडात धरून नीट न्याहाळला आणि म्हणाले, “जावईबापू, छत्तीस वर्षं शाळेत काढली. पुष्कळांचे कान हातात आले. कपाचा पहिल्यांदाच.”

स्वरा दारातूनच म्हणाली, “काका, बोन चायनामध्येपण हाडांचीच राख अस...”

“स्वरा,” मी म्हटलं, “तुला अभ्यास नाही का?”

मामा हिच्या भावाचा लेंगा नेसून जेवायला बसले. जेवणं झाल्यावर ही शोकेसपुढे उभी राहून म्हणाली, “सहाचा सेट होता. पाच राहिले. आता पाहुण्यांपुढे कसा काढायचा?” तिची समजूत घालावी म्हणून मी म्हटलं, की गणिताच्या दृष्टीने पाचाचाही सेट होतोच, एकाचाही होतो, एवढंच काय, ज्यात काहीही नाही, नुसता महिरपी कंस उघडला आणि बंद केला, तोही सेटच धरतात. ही थोडा वेळ गप्प राहिली. मग दाराकडे बघून म्हणाली, “स्वरा, तुझ्या काकांना जमणाऱ्या कामांचा जो सेट आहे, त्याला काय म्हणतात गं?”

“रिक्त संच, काकू.”

पोरीचा धडा पक्का झाला होता.

निघताना मामांनी पायात चपला सरकवत तो प्रश्न विचारला, जो विचारल्याशिवाय मराठी नातेवाईक उंबरठा ओलांडत नाही. “चिरंजीव सेट झाले का?” या सेटवर खरं तर एक वेगळा खंड निघेल. साहेबाचा सेट आपण उचलला खरा, पण त्याला आपल्या घरचं वळण लावलं. आपल्याकडे मुलगा सेट झाला म्हणजे आधी नोकरी, मग फ्लॅट, मग लग्न, आणि हे सगळं याच क्रमाने. आमचे चिरंजीव पुण्यात आयटीत आहेत, फ्लॅट भाड्याचा आहे आणि लग्नाचं नाव काढलं की फोनची रेंज जाते. हे ऐकून मामा म्हणाले, “म्हणजे एक तृतीयांश.” शिक्षक तो शिक्षकच.

आमच्या आजीने तर या शब्दाला माणसांत आणलं होतं. एशियाडच्या वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, वाड्यात पहिला टीव्ही-सेट आला. आजीला ‘सेट’ म्हणता येईना, ती ‘टीव्हीशेट’ म्हणायची. श्रेष्ठीवरून आलेला, गादीवर लोडाला टेकून बसणारा शेट. “टीव्हीशेट झोपले का रे?” असं ती रात्री विचारायची, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिने त्याच्या कपाळाला गंध लावलं. ते बरेच दिवस बातम्या देणाऱ्या बाईंच्या डोक्यावर दिसत राहिलं.

त्यात पुन्हा हल्लीचं ते सेटिंग. ‘आत सेटिंग आहे’ एवढं म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. मला ते कधी लागलं नाही. एका कचेरीत माझा एक कागद अडला होता. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, की जरा सेटिंग लावा. मी धडधडत्या छातीने अर्धा किलो पेढे नेऊन टेबलावरच्या गृहस्थांपुढे ठेवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी त्यांची बदली झाली होती. त्यांना वाटलं, निरोपाचे पेढे. “जाताना कुणीतरी आठवण ठेवली,” म्हणत ते डबा घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी नव्या गृहस्थांनी मला नवा अर्ज भरायला लावला. क्रिकेट बघतानाही तेच. मी ‘आता हा सेट झाला’ म्हणालो की पुढच्या चेंडूवर फलंदाज तंबूत परततो. तेव्हा भारताची फलंदाजी असली की मुलगा मला भाजी आणायला पाठवायचा, आणि समोरच्यांची असली की सोफ्यावर मधोमध बसवायचा.

एवढं सगळं होऊनही मी शहाणा झालो नाही, हे सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सिद्ध झालं. गेल्या वर्षीच्या सचिवांनी राजीनामा दिला होता आणि ते पद घ्यायला कुणी तयार नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं की सगळे एकदम मोबाईलमध्ये बघायचे. ती शांतता मला असह्य झाली. वातावरण हलकं करावं, या एकाच हेतूने मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मंडळी, तुम्हाला एक गंमत सांगू? सभासद आणि सचिव, हे दोन्ही शब्द सेटचे नातेवाईक आहेत.” आणि सद्, सच्, शेफील्डचे ब्रॅडली, मुंगी, सगळं सविस्तर सांगितलं. जोशीकाका मध्येच उठून गेले. त्यांनी ते लिफ्टमध्ये ऐकलेलं होतं.

अध्यक्ष बँकेतले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सचिव म्हणजे काय म्हणालात?”

“सोबत राहणारा. मागोमाग जाणारा.”

“आम्हाला नेमका तसाच हवाय. प्लंबरच्या मागोमाग जाणारा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव एकमताने मंजूर. आमच्या हिने कुलकर्णीवहिनींच्या खांद्याआडून हात वर केलेला मला स्पष्ट दिसला.

नव्या सचिवांचं पहिलं काम म्हणजे पाण्याच्या मोटरला आणलेला टायमर. पहाटे पाचला मोटर आपोआप सुरू झाली पाहिजे, म्हणजे वॉचमनने उठायला नको. इलेक्ट्रिशियन तारा जोडून गेला आणि म्हणाला, “टाइम तेवढा टाकून घ्या साहेब, सोपं आहे.” रात्री जिन्याखालच्या त्या कोंदट खोपटात, दातांत बॅटरी धरून मी त्या पेटीपुढे उकिडवा बसलो. चार बटणं होती, आणि सगळ्यांत मोठ्या बटणावर काय लिहिलेलं असावं? मला हसू आलं. अहो, तुमचे ४३० अर्थ वाचून आलोय मी! ते बटण दाबलं, आकडे लुकलुकायला लागले, पाच आणले, पुन्हा तेच बटण दाबलं, आकडे लुकलुकायचे थांबले. झालं. वर येऊन हिला सांगितलंसुद्धा, की बघ, एक तरी गोष्ट सेट केली.

पहाटे बिल्डिंगभर नळांतून नुसती हवा सूं-सूं करत येत होती. अध्यक्ष तोंडात पेस्टचा फेस घेऊन गॅलरीत आले.

“सेक्रेटरी, टायमर सेट केला होता ना?”

“केला होता.”

“कितीला?”

“पाचला.”

“सकाळच्या?”

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला मात्र मोटर सुरू झाली, आणि ती बंद किती वाजता करायची हे सेट करायचं राहूनच गेल्यामुळे, गच्चीवरची टाकी भरून, जिन्याच्या पायऱ्या धुऊन, पार्किंगमधल्या स्कूटरींच्या चाकांखालून पाणी रात्री बराच वेळ रस्त्यावर येत राहिलं.